वारस नोंद झाली, यादी राहिली

बाबा गेले त्या महिन्यात दोनशे पानी वहीत मी कामांची यादी केली. आईची फॅमिली पेन्शन, बँक, गॅस, विजेचं मीटर, सातबाऱ्यावर वारस नोंद, अशी सतरा कामं. सगळ्यांवर रेघ मारली की मगच निवांत बसायचं, असं ठरवलं होतं. बरीचशी कामं दोन महिन्यांत उरकली. अडलं ते वारस नोंदीपाशी.

तलाठ्यांनी (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कागद चाळले आणि परत माझ्याकडे सरकवले. मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रय', सातबाऱ्यावर 'दत्तू'. "माणूस एकच कशावरून?" फार लागलं मला ते. अख्खं गाव बाबांना ओळखायचं. साहेब मात्र नुकतेच बदलून आलेले. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. पुण्याहून रजा टाकून घेऊन गेलो, तर त्यात जमिनीचा गट नंबर नाही म्हणून परत. तिसऱ्या खेपेला कार्यालयाला कुलूप, साहेब तहसीलला मीटिंगला. पायरीवर माझ्यासारखेच चौघं बसलेले, त्यातल्या एका आजींनी कागदांची पिशवी पदराखाली धरलेली. चौथ्या खेपेला कागद घेतले. काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून दिलं असतं, तर दोन रजा वाचल्या असत्या. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्हाला हे करायचं असेल तर आधी सातबारा, आधार आणि दाखला शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा.

पुढे फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) धरला गेला, नोटिसा निघाल्या. हरकतीसाठी 15 दिवस थांबावंच लागतं, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. त्या दिवसांत वही उघडली तर सतराची तेवीस झालेली. प्रतिज्ञापत्राच्या धावपळीत कळलं होतं की गावच्या विकास सोसायटीच्या खात्यावरही 'दत्तू'च आहे. एक काम खोडायला जावं तर त्याच्या पोटातून दुसरं निघायचं. रात्र रात्र झोप लागेना.

आई म्हणाली, "विहिरीवर जाऊन ये जरा." गेलो. बाबांनी दुरुस्तीला काढलेली मोटर तशीच उघडी होती. नट एका वाटीत काढून ठेवलेले, वर फडकं झाकलेलं. दुसऱ्या दिवशी येऊन बसवायची, एवढंच त्यांच्या मनात असणार. मी बराच वेळ तिथे बसलो. तेव्हापासून उरलेली कामं मोजणं सोडलं. सकाळी वहीतलं एकच काम निवडतो, संध्याकाळी वही मिटतो.

हो, दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच आठ-दहा घ्या, मी दोनच घेतल्या होत्या. आणि बहिणींची नावं लावाच. "कशाला उगाच?" म्हणणारे भेटतील, पण मुलगी मुलाइतकीच वारस आहे.

नोंद मंजूर झाली त्या दिवशी 15 रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. आईचं नाव, माझं, ताईचं. आईने मोबाइल लांब धरून तो दोनदा वाचला.

रविवारी मोटर बसवली, पाणी आलं. वायर मात्र जागोजागी उकललीय. ती वहीत लिहून ठेवलीय.