रेक्टर सरांची शनिवारची वही

आठवणी लिहून मागणारं बोर्डिंगच्या समितीचं पत्र आलं तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये एका पंपाच्या पॅटर्नला, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्याला, लुकण भरत होतो. हात पुसून पत्र उघडलं आणि 'बोर्डिंगच्या आठवणी' एवढे दोन शब्द वाचून परत स्टुलावर बसलो. त्या दिवशी पॅटर्न तसाच राहिला. शाळेबद्दल, घंटेबद्दल, पटांगणातल्या चिंचेबद्दल बाकीचे लिहितीलच. मला रेक्टर सरांबद्दल, म्हणजे बोर्डिंग सांभाळणाऱ्या सरांबद्दल, लिहायचं आहे, आणि त्यातही शनिवारच्या बैठकीबद्दल.

दहावी झाली की बोर्डिंग सुटायचं. पण आम्हा खेड्यातून आलेल्या कॉलेजच्या पोरांना सरांनी मागच्या तीन खोल्यांत राहू दिलं होतं. मी राजाराम कॉलेजात सायन्सला होतो. साल 1986. शनिवारी संध्याकाळी प्रार्थना झाली की वाचनालयात सतरंजी पडायची. मुलींच्या होस्टेलमधून मेट्रनबाई सात-आठ मुली घेऊन यायच्या. सर ती लांब, निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन बसायचे. वहीत प्रत्येकाला एक पान होतं. आवड काय, हाताला काय जमतं, घरची परिस्थिती कशी, आणि खाली एक ओळ: 'कोणाच्या उपयोगी?' सगळं पेन्सिलीने. शाईने का लिहीत नाही, असं एकाने विचारलं तर म्हणाले, "अजून तुम्ही कुठे ठरलाय?"

1852 साली अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले, तेव्हापासून आपल्या ख्रिस्ती समाजात शिकलेल्या पोराच्या वाटा जवळजवळ ठरूनच गेल्या होत्या. मुलगा असेल तर पाळक, मास्तर, नाहीतर मिरजेला वानलेस साहेबांचा मिशन दवाखाना. मुलगी असेल तर नर्सिंग. त्या वाटांनी आपली घरं उभी केली, हे सर कधी विसरू द्यायचे नाहीत. तरी ते प्रत्येकाला खोदून विचारायचे. एका मुलीला त्यांनी विचारलं, "नर्सिंग तुला पाहिजे की घरी ठरलंय?" ती रडायलाच लागली. सरांनी तिला महिनाभर विचार करायला लावला. महिन्यानंतर ती म्हणाली, "सर, मला नर्सिंगच पाहिजे." ती गेली मिरजेला, पण ताठ मानेने गेली. आणि ज्याला खरोखर पाळक व्हायचं होतं, त्याची तर सरांनी सगळ्यात जास्त परीक्षा घेतली. सेमिनरीचा, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाचा, अर्ज लिहून देण्याआधी त्याला महिनाभर रात्री रुग्णांच्या उशाशी बसायला पाठवलं.

बैठकीत नुसतं आध्यात्मिक बोलणं नसायचं. अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहायला लावायचे आणि तीनदा परत करायचे. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड वेळेत नूतन केलं का, विचारायचे. लटकी मुलाखत घ्यायची असली की स्वतः कोट घालून टेबलामागे बसायचे आणि आम्हाला दार वाजवून आत यायला लावायचे. शाहू महाराजांनी 1902 साली सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, त्या गावात आपण शिकतोय, हे ते अभिमानाने सांगायचे. आणि त्याच दमात राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलित घरातल्या मुलाला अनुसूचित जातीची सवलत का मिळत नाही, मग कोणता दाखला मागायचा, हे कागद काढून समजवायचे. फॉर्म भरताना धर्माच्या रकान्याशी हात थबकलेली पोरं मी पाहिली आहेत. सर म्हणायचे, "खरं लिहा. मग पुढचं आपण बघू." आणि ते बघायचे. कचेरीत स्वतः यायचे.

आता माझं पान. त्यावर पहिल्या वर्षी सरांनी 'सेमिनरी' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. माझे वडील खेड्यातल्या चर्चच्या मंडळीचे पाळक. आईने बायबलमधल्या शमुवेलाच्या आईप्रमाणे, हन्नाप्रमाणे, मला जन्माआधीच देवाला वाहिलेलं. मला नाही म्हणायचं धाडस नव्हतं आणि हो म्हणताना घशात काहीतरी अडकायचं. त्या मे महिन्यात मी गावी गेलो नाही. सरांनी ओळखीच्या एका मिस्त्रींकडे मला महिनाभर पाठवलं. फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचं दुकान. पगार नाही, फक्त दुपारचा चहा.

पहिले आठ दिवस मी झाडलोट केली. मग मिस्त्रींनी हातात एक मोजपट्टी दिली आणि साध्या फुटपट्टीला लावून बघ म्हणाले. दोन्हींवरचा एक फूट जुळेना. ही पट्टी सूतभर मोठी. "बीड थंड होताना फुटामागं एक सूत आकसतंय पोरा. म्हणून आमचा फूट मोठा." बीड म्हणजे ओतीव लोखंड. मी ती पट्टी रात्री मागून घेतली आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू मोजत बसलो.

महिना संपायच्या शनिवारी मी बैठकीला उशिरा पोचलो. अंगठ्यात सागवानाची कूस मोडलेली, आजूबाजूला सुजलेलं. बैठक संपल्यावर सरांनी मला थांबवलं. चष्मा कपाळावर चढवून, कंदिलापाशी माझा हात धरून सुईने कूस काढायला लागले (वीज गेली होती). दुखू नये म्हणून असेल, त्यांनी विचारलं, दुकानात काय करतोस? मी सांगायला लागलो. वाळूतून पॅटर्न सहज निघावा म्हणून त्याला उतार कसा द्यायचा, आत पोकळी हवी असेल तर कोअर कसा बसवायचा, गाठीचं लाकूड का टाकून द्यायचं. कूस केव्हा निघाली मला कळलं नाही. सर सुई हातात धरून तसेच बसले होते. माझं थांबल्यावर म्हणाले, "तीन वर्षांत तू माझ्याशी एवढा बोलला नव्हतास." वही ओढली आणि खोडरबर मागितला.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून सर माझ्याबरोबर एस.टी.ने आमच्या गावी आले. आई दारातच म्हणाली, "सलाम सर. पोरगं चुकलं काय?" प्रभू स्वतः सुताराच्या घरचा होता, हे सर बोलतील आणि काम सोपं होईल, असं मला वाटत होतं. ते त्यांनी काढलंच नाही. शमुवेलाची गोष्ट काढली. हाक देवाची होती आणि पोर तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडे धावलं. "पाळकसाहेब," सर वडिलांना म्हणाले, "एली काय म्हणाला? मी हाक मारली नाही, जा निजून राहा. आपणही एवढंच करायचं. पाचारण याला झालंय, आपल्याला नाही." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "जेवायला वाढ." आईला पटायला पुढची दोन वर्षं गेली. मी पहिला पॅटर्न घरी नेऊन तिच्या हातात दिला, तो तिने पदराने पुसला.

आज माझ्या शेडमध्ये चार माणसं काम करतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना माझे पॅटर्न जातात. आता कॉम्प्युटरवर डिझाइन येतं आणि मशीन लाकूड कापतं, तरी बिडाचं आकसणं त्यातही धरावंच लागतं. हे सगळं सरांमुळे आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. सर गेले तेव्हा मी परगावी होतो. मातीलाही पोचलो नाही. ते मला अजून सलतं.

गेल्या नाताळात बोर्डिंगवर आलो होतो. वाचनालयाला कुलूप होतं. काचेतून पाहिलं तर सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकलेली. वर्षातून एकदा हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून करिअर मार्गदर्शन होतं, असं मुलांनी सांगितलं. पॅकेज किती, हे ती फडाफडा सांगत होती. एकाला विचारलं, तुला काय करायला आवडतं? तो हसून खाली बघायला लागला. त्याच्यासमोर कोणी सुई धरून बसलेलंच नाही. निळी वही कुठे आहे, हे ऑफिसमध्ये कोणाला सांगता आलं नाही. ती कुणाकडे असेल तर कृपा करून जपा. पेन्सिल लवकर पुसट होते.

समितीला एक विनंती आहे. शनिवारी दुपारी चारनंतर माझ्याकडे मशीन बंद असतं. कॉलेजची मुलं-मुली पाठवा, दोन-दोन, चार-चार. मिरजेच्या दवाखान्यातली आणि बँकेतली आपली माजी मंडळीही यायला तयार आहेत, मी बोललोय त्यांच्याशी. चहा माझ्याकडे. नवीन वही मी आणून ठेवली आहे.