सेशनमध्ये काय काय कोंबाल?

आमचा सर्व्हर आडवा पडायचा तो नेमका डिसेंबरात. पावसाळ्यात कळंगुट-बागाच्या पट्ट्यातली कितीतरी गेस्ट हाऊसं ताडपत्र्या ओढून बसलेली असतात, तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर शहाण्यासारखं वागतं. नाताळ जवळ आला, विमानाची तिकिटं महागली, की एका हॉटेलवाल्या काकांचा फोन ठरलेला: "अरे बाबा, तुझं ते परत अडकलं. गिऱ्हाईक काउंटरवर उभं आहे, त्याला काय सांगू?"

मी पणजीत पाट्टोवर बसून हॉटेलांच्या रूम बुकिंगचं जावामधलं सॉफ्टवेअर सांभाळतो. ते लिहिणारे केव्हाच गोवा सोडून गेले. जाताना त्यांनी ठेवलेला उपाय एकच: टॉमकॅट, म्हणजे ते चालवणारा वेब सर्व्हर, मारा, परत उठवा, आणि दर सीझनला मशीनची रॅम वाढवा. चारची आठ झाली, आठची सोळा. त्याने पडणं थांबत नाही, सकाळी अकराला पडायचं ते संध्याकाळी सातला पडतं एवढंच. शिवाय हीप, म्हणजे जावाच्या वस्तू राहतात ती मेमरी, जितकी मोठी आणि भरलेली, तितकी गार्बेज कलेक्टरची, म्हणजे न लागणाऱ्या वस्तू झाडून काढणाऱ्याची, पूर्ण फेरी लांबते. म्हणजे मरण्याआधी अ‍ॅप्लिकेशन बराच वेळ रखडत राहतं आणि काउंटरवरचा माणूस इंटरनेटला शिव्या देत बसतो.

यंदा टॉमकॅट मारण्याआधी हीप डम्प, म्हणजे त्या मेमरीची फाइलमधली प्रत, घेतला. जावासोबत येणारं जेमॅप हे हत्यार वापरलं, 'लाइव्ह' पर्याय देऊन. त्याने आधी कचरा उचलला जातो आणि जे खरोखर कुणीतरी धरून ठेवलंय तेवढंच फाइलमध्ये उतरतं. फाइल एक्लिप्स मेमरी अ‍ॅनालायझरमध्ये उघडली. डॉमिनेटर ट्रीच्या, म्हणजे कुणी किती मेमरी धरून ठेवलीय ते दाखवणाऱ्या झाडाच्या, माथ्यावर टॉमकॅटचा सेशन सांभाळणारा स्टँडर्ड मॅनेजर, त्याच्या पोटात एक कॉन्करंट हॅशमॅप, आणि त्यात हजारोंनी सेशन, म्हणजे साइटवर आलेल्या एकेकासाठी सर्व्हर लक्षात ठेवतो ती गाठोडी. एकेका सेशनचा स्वतःचा आकार, म्हणजे शॅलो हीप, अगदीच किरकोळ. पण रिटेन्ड हीप, म्हणजे ते सेशन गेलं तर एकूण जेवढी जागा मोकळी होईल ती, चारशे केबीच्या आसपास.

एक सेशन उघडून आत शिरलो. 'सर्च रिझल्ट' नावाचं एक अ‍ॅट्रिब्यूट. त्यात अ‍ॅरेलिस्ट. लिस्टमध्ये हॉटेलच्या हायबरनेट एंटिटी, म्हणजे डेटाबेसमधल्या ओळींच्या जावा वस्तू, जशाच्या तशा. हॉटेलला रूम लटकलेल्या, रूमला दरपत्रक, दरपत्रकाला तारीखवार ओळी. आणि रूम रिकामी आहे का हे तपासताना कुठेतरी बुकिंगचं लेझी, म्हणजे हात लावला तरच भरणारं, कलेक्शन उघडलं गेलेलं, त्यामुळे जुनी बुकिंगंही आत, त्यांच्यामागून पाहुण्यांची नावं-पत्तेही आत. ज्याने फक्त "24 ते 26 डिसेंबर, दोन माणसं" एवढंच विचारलं होतं, त्या अनोळखी माणसाच्या सेशनमध्ये गेल्या वर्षीच्या पाहुण्यांची यादी बसली होती. मेमरीचं सोडा, हे मुळातच बरं नव्हे.

जाता जाता एक गंमत. जावा 9 पासून स्ट्रिंगमध्ये सगळी अक्षरं लॅटिन-1 मधली असतील तर अक्षराला एक बाइट लागतो. एक जरी देवनागरी अक्षर आत आलं तरी ती अख्खी स्ट्रिंग दोन बाइटांवर जाते. आमच्या हॉटेलांची वर्णनं मराठीतही आहेत, म्हणजे तिथेही दुप्पट. पण हा खर्च मी आनंदाने करतो. कुणी त्यावर कात्री चालवायला सांगितलं तर ऐकणार नाही. चारशे केबी त्याने भरलेले नव्हते.

खरा उलगडा दुसरीकडे झाला. सेशनमध्ये तयार झाल्याची वेळ आणि शेवटच्या वापराची वेळ अशा दोन नोंदी असतात. त्या शेजारीशेजारी ठेवून बघितल्या, तर बहुतेक सेशनमध्ये दोन्हींत सेकंदाचंही अंतर नव्हतं. म्हणजे आलं, एक पान मागितलं आणि गेलं, ते परत फिरकलंच नाही. माणूस असा वागत नाही. माणूस फोटो बघतो, दर बघतो, बायकोला विचारतो, परत येतो. हे बॉट होते, म्हणजे आपोआप पानं मागणारे प्रोग्राम. सीझनला दर नकलून घेणाऱ्यांची झुंबड असते, आणि हे प्रोग्राम कुकी, म्हणजे सर्व्हरने ओळखीसाठी दिलेली चिठ्ठी, सांभाळत नाहीत. जेसेशनआयडीची कुकी दिली तरी पुढच्या विनंतीबरोबर ती परत येत नाही, त्यामुळे टॉमकॅटच्या दृष्टीने प्रत्येक विनंती म्हणजे नवा पाहुणा, नवं सेशन, नवे चारशे केबी. त्यात जेएसपीचा, म्हणजे जावातल्या वेब पानाचा, स्वभाव असा, की पानावर स्पष्ट नको म्हटलं नाही तर ते आपणहून सेशन उघडतं. आमचं 'आमच्याविषयी'चं पानसुद्धा सेशन उघडत होतं!

आता हिशेब बघा. टॉमकॅटमध्ये सेशनचं आयुष्य मुळात 30 मिनिटं ठेवलेलं असतं, शेवटच्या वापरापासून. मिनिटाला 200 नवी सेशन येत असतील आणि प्रत्येक तीस मिनिटं पडून राहत असेल, तर कुठल्याही क्षणी 6,000 सेशन जिवंत. गुणिले चारशे केबी, म्हणजे जवळजवळ अडीच जीबी. आत खरी माणसं पन्नास असोत नाहीतर पाच, आकडा तोच. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ बरोबर आत असलेली गर्दी, हे जॉन लिटल यांनी 1961 मध्येच सिद्ध करून ठेवलंय. आमच्याकडे मात्र प्रत्येक बैठकीत प्रश्न यायचा, "एका वेळी किती युजर?" हा प्रश्नच अपुरा आहे. उठून गेलेला माणूस किती वेळ आणि किती जागा अडवून बसतो, ते विचारायला हवं.

तर आधी सार्वजनिक पानांवरून सेशन काढलं. जेएसपीत 'सेशन फॉल्स', आणि कोडमध्ये जिथे नुसतं 'गेटसेशन' होतं तिथे त्याला फॉल्स देऊन बोलावलं, म्हणजे सेशन असेल तर मिळतं, नसेल तर नवं जन्माला येत नाही. टॉमकॅटमध्ये क्रॉलर सेशन मॅनेजर नावाचा एक व्हॉल्व्हही, म्हणजे विनंतीच्या वाटेत बसवायचा भागही, आहे. बॉट ओळखून त्याच्या सगळ्या विनंत्या एकाच सेशनमध्ये घालतो. पण तो ओळखतो युजर-एजंटवरून, म्हणजे येणारा स्वतःचं जे नाव सांगतो त्यावरून. गूगलचा बॉट आपलं नाव प्रामाणिकपणे सांगतो, दर चोरणारा 'मी क्रोम' म्हणूनच येतो. लावला, थोडा उपयोग झाला, विसरून गेलो.

मुदतीच्या बाबतीत एक सापळा आहे. वेब-एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमधला आकडा मिनिटांत असतो आणि 'सेटमॅक्सइनअ‍ॅक्टिव्हइंटरव्हल'मधला सेकंदांत. शिवाय शून्य किंवा त्याखालचा आकडा दिला तर सेशन कधीच मरत नाही. आणि मुदत नीट असूनही न मरणारी सेशन वेगळीच: रिसेप्शनचं पान दर अर्ध्या मिनिटाला नवीन बुकिंग आलं का विचारतं, कॉम्प्युटर रात्रभर चालू, त्यामुळे ते सेशन अमर. तिथे त्या विचारणीला सेशनलाच हात लावू न देणारी वेगळी वाट करून दिली.

सगळ्यात जास्त वाद 'सर्च रिझल्ट' सेशनमधून काढण्यावरून झाला. सोबतचा मुलगा हुशार, म्हणाला, "दादा, मग दर पानाला परत डेटाबेसला जाणार? लोड वाढेल." वाढला, थोडा. सगळ्यांना लागणारं दरपत्रक एका सामाईक कॅशमध्ये ठेवलं, हजार प्रतींऐवजी एक प्रत, की तो प्रश्नही मिटला. पण मला त्या अ‍ॅट्रिब्यूटचा खरा राग मेमरीमुळे नव्हताच. पुण्या-कोल्हापूरची मंडळी ट्रिप ठरवताना दोन टॅब उघडतात. एकात 24 ते 26, दुसऱ्यात 28 ते 31, तुलना करायला. सेशन टॅबचं नसतं, ब्राउझरचं असतं. दुसऱ्या टॅबमधल्या शोधाने पहिल्याचा निकाल पुसला जातो; मग पहिल्या टॅबवर येऊन 'बुक करा' दाबलं की स्क्रीनवर दिसते चोवीस आणि बुक होते अठ्ठावीस. 24 तारखेला सामानसुमान घेऊन कुटुंब दारात उभं, आणि रजिस्टरमध्ये नाव नाही. हे प्रत्यक्ष घडलंय आणि काउंटरवरच्या पोरीने निष्कारण बोलणी खाल्ली आहेत. तारखा आणि माणसं आता यूआरएलमध्ये असतात. सेशनमध्ये उरलं काय, तर लॉगिन केलेल्याचा आयडी आणि भाषा. शे-दोनशे बाइट.

इथवर आल्यावर सोळा जीबी परत आठवर आणता आली. दुसरा सर्व्हर उभा केला तो एक पडला तर दुसरा असावा म्हणून. पुढे विनंत्या दोघांत वाटणारा एंजिनएक्स, त्यात कुणीतरी आयपी-हॅश, म्हणजे पत्त्यावरून सर्व्हर ठरवणं, लावून ठेवलेला. तो आयपीव्ही4 पत्त्यातल्या टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीनच बघतो. एका हॉटेलातले सगळे कॉम्प्युटर एकाच पत्त्यावरून येतात, मोबाइल कंपनीच्या जाळ्यामागचे गिऱ्हाईकही थोड्याच पत्त्यांत कोंबलेले. एक टॉमकॅट घामाघूम, दुसरा जांभया देतोय. आता गिऱ्हाईक एका सर्व्हरला चिकटवणं कुकीवरून आहे, टॉमकॅटचं जेव्हीएमरूट, म्हणजे सेशनच्या आयडीला लागणारं सर्व्हरचं नाव, वापरून.

कंपनीत रेडिसचा, म्हणजे सेशन टॉमकॅटबाहेर ठेवायच्या सामाईक मेमरी-साठ्याचा, आग्रह होता. रेडिस उत्तम चीज आहे, स्प्रिंग सेशन ही जावाची लायब्ररी त्याच्यावर छान बसते, पण तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. सेशनमधली वस्तू सिरियलायझेबल, म्हणजे बाइटांत उतरवून पाठवता येणारी, नसेल तर जावाचं नेहमीचं सिरियलायझेशन पहिल्याच दिवशी तोंडावर आपटतं. जुन्या कोडमध्ये हे हमखास. दुसरं, चारशे केबीचं गाठोडं तसंच ठेवून रेडिस लावलात तर आता ते दर विनंतीला नेटवर्कवरून आणावं लागणार. तिसरं जास्त फसवं: सेशनमधून लिस्ट काढली, तिच्यात एक नग घातला आणि परत 'सेटअ‍ॅट्रिब्यूट' केलं नाही, तर एका टॉमकॅटवर हे चालून जातं, कारण वस्तू तीच असते. स्प्रिंग सेशन सहसा सेट केलेलंच लिहितं, त्यामुळे तो नग गायब. टॉमकॅटचं स्वतःचं क्लस्टरिंगही आहे. त्यातला डेल्टा मॅनेजर प्रत्येक सेशनची प्रत प्रत्येक सर्व्हरवर ठेवतो, म्हणजे सर्व्हर वाढवले तरी मेमरीची बचत शून्य. आणि सगळं जेडब्ल्यूटीत, म्हणजे गिऱ्हाइकाकडेच राहणाऱ्या सही केलेल्या टोकनमध्ये, घालून मोकळे होणारेही भेटतात. त्यांना विचारा, काढून टाकलेल्या नोकराचं टोकन आज दुपारी कसं रद्द करणार.

आम्ही रेडिस घेतला नाही. एक टॉमकॅट पडला तर त्याच्यावरच्यांना परत लॉगिन करावं लागेल, तारखा यूआरएलमध्ये शाबूत आहेत. एवढी गैरसोय चालेल.

तपासणी जेमीटरने, म्हणजे खोटी गर्दी पाठवणाऱ्या प्रोग्रामने, करतो. तिथेही एक मजा आहे: त्यात कुकी मॅनेजर घातला नाही तर प्रत्येक विनंती नवं सेशन उघडते, म्हणजे तुम्ही माणसांची नव्हे, बॉटांची गर्दी मोजत असता. आम्ही दोन्ही चालवतो, एकदा कुकी मॅनेजर घालून, एकदा काढून. आणि चाचणी दहा मिनिटांत आवरत नाही. पहिलं सेशन मरायलाच अर्धा तास लागतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या आलेखात सेशनची संख्या चढतानाच दिसते, ती कुठे जाऊन थांबते ते कधीच दिसत नाही. तास-दीड तास चालू ठेवायची, बाजूला जेएमएक्समध्ये, म्हणजे चालू जावाचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, 'अ‍ॅक्टिव्ह सेशन्स'चा आकडा उघडा ठेवायचा, आणि तो सपाट झाला की मगच हीपकडे बघायचं.