लेबलवरचे दोन आकडे

आम्ही बनवतो तो फोन कुणी हौसेनं घेत नाही. तो लिफ्टच्या आत, पोलादी पत्र्यामागे बसतो. बाहेर दिसतं ते एक बटण आणि आवाजासाठी पाडलेली चार भोकं. लिफ्ट अडकली की आतल्या माणसानं बटण दाबायचं, बाकी नंबर लावायचं काम फोनचं. त्याचं दुसरं काम फारसं कुणाला माहीत नसतं. बाहेरून त्या लाइनवर कॉल आला तर रिंग ओळखून त्यानं स्वतःच उचलायचं असतं, म्हणजे सुटकेला निघालेल्यांना आतल्या माणसाशी बोलता येतं. माझ्याकडे या फोनची मान्यतेची कागदपत्रं आणि लेबलं असतात. डिझाइनवाले आमच्या खात्याला ‘स्टिकर डिपार्टमेंट’ म्हणतात. म्हणोत.

ती बॅच अमेरिकेला जायची होती, म्हणजे एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाच्या नियमांचा भाग ६८ लागू. टेलिफोनच्या जाळ्याला जोडायच्या उपकरणांचे नियम यात येतात. त्या देशात एके काळी टेलिफोन कंपनीनं दिलेल्या यंत्राशिवाय लाइनला दुसरं काही जोडायची सोयच नव्हती. १९६८ च्या कार्टरफोन निकालानं ते दार उघडलं, आणि मग कुणीही काहीही जोडू नये म्हणून नोंदणी, चाचण्या आणि लेबल आलं. आता ही नोंदवही एफसीसी स्वतः ठेवत नाही. ते काम ॲक्टा नावाची परिषद करते.

२३ जुलै २००१ नंतर मान्यता मिळालेल्या उपकरणाच्या लेबलवर एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो. आधी ‘यूएस’ आणि दोन टिंबं, मग जबाबदार कंपनीचा तीन अक्षरी कोड, उपकरणाचा प्रकार सांगणारी दोन अक्षरं, मग दोन आकडे, नंबर टोननं लागतो की पल्सनं ते सांगणारं एक अक्षर, आणि शेवटी मॉडेलची ओळख. मधले दोन आकडे म्हणजे आरईएन, रिंगर इक्विव्हॅलन्स नंबर. रिंग वाजते तेव्हा तुमचं उपकरण लाइनवर किती भार टाकतं त्याचं माप. दशांशचिन्ह छापत नाहीत, त्यामुळे ०३ म्हणजे ०.३. आमच्या लेबलवर ०३ होतं.

पॅक झालेल्या मालातला एखादा नग काढून बेंचवर लावायची मला सवय आहे. कुणी सांगितलेलं नाही, आणि डिस्पॅचवाल्यांना ते आवडतही नाही. त्या दिवशी बेंचवर आकडा आला ०.७.

पहिला संशय मीटरवर. मग जोडणीवर. दुसऱ्या खोक्यातले नग आणून लावले, तरी ०.७ च्या आसपासच. शेवटी एकाचं मागचं झाकण उघडलं आणि जुना नमुना शेजारी ठेवला. रिंग ओळखणाऱ्या सर्किटच्या तोंडाशी जो कपॅसिटर (रिंगचा बदलता प्रवाह आत सोडणारा छोटा भाग) असतो तो जुन्यात ०.१ मायक्रोफॅरडचा होता, नव्यात ०.४७ चा.

डिझाइनमधल्या मुलाला बोलावलं. तो लपवाछपवी करणारा नव्हता. “मॅडम, तो बदल माझाच. लांब लाइनवर रिंग पोचेपर्यंत ती इतकी मंदावते की फोन उचलतच नव्हता. साइटवरून तशी तक्रार आली होती. कपॅसिटर वाढवला आणि प्रश्न सुटला. बदलाची चिठ्ठीही आहे.”

चिठ्ठी होती. तिच्यावर ‘सुरक्षेवर परिणाम: नाही’ असंही होतं, आणि विजेच्या सुरक्षेपुरतं ते खरंच होतं. आरईएनचा रकाना त्या छापील चिठ्ठीत नव्हताच.

आम्ही तिथंच कागदावर आकडेमोड केली. आमचा फोन ज्यात मोडतो त्या टाइप बी रिंगरची मोजणी १५.३ ते ६८ हर्ट्झ या पट्ट्यात होते, आणि इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, जिथं सगळ्यात कमी तिथला आकडा धरायचा. कपॅसिटरच्या बाबतीत ते ६८ हर्ट्झला. तिथं ०.१ मायक्रोफॅरडचा इम्पीडन्स साधारण २३,४०० ओहम, ०.४७ चा जेमतेम ५,०००. मालिकेत १०,००० ओहमचा रेझिस्टर. यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं: आधी पंचवीस हजारांच्या वर, आता अकरा हजारांच्या आसपास. या मोजणीसाठी ठरलेल्या ८,००० ला त्यानं भागा: आधी ०.३, आता ०.७. मीटर बिचारा बरोबर होता.

एवढ्यात डिस्पॅचचे साहेब येऊन उभे. गाडी दारात होती. “अहो मॅडम, मर्यादा पाचची ना? मग ०.३ काय आणि ०.७ काय, कुठं बिघडतं?”

एकच फोन एका लाइनवर असता तर त्यांचं म्हणणं मी मुकाट ऐकलं असतं. पण आमचे फोन तसे बसत नाहीत. मोठ्या इमारतीत अनेक लिफ्टचे फोन एकाच लाइनवर समांतर जोडतात, आणि बसवणारा माणूस लेबल बघून बेरीज करतो. आमच्या मॅन्युअलमध्येही लिहिलेलं असतं की बहुतेक भागांत एका लाइनवरच्या आरईएनची बेरीज ५ च्या वर जाऊ नये. आठ लिफ्ट धरा. लेबलप्रमाणे बेरीज २.४, बसवणारा निर्धास्त. प्रत्यक्षात ५.६. एक्स्चेंजकडून येणारी रिंग तेवढीच, ती आठ जणांत वाटली जाणार, आणि वेळ आली तर एकही फोन ती ओळखणार नाही. एका फोनला ऐकू यावं म्हणून केलेली दुरुस्ती आठांना एकदम बहिरं करू शकत होती.

गंमत म्हणजे भाग ६८ मधल्या ‘नुकसान’ या शब्दाच्या व्याख्येत हे नीट बसतही नाही. तिथं चार गोष्टी आहेत: टेलिफोन कंपनीच्या माणसांना विजेचा धोका, कंपनीच्या यंत्रांची खराबी, बिलिंगच्या यंत्रणेत गडबड, आणि इतरांच्या सेवेत बिघाड. इतरांच्या, म्हणजे तुम्ही आणि तुमच्याशी बोलणारा सोडून. तुमचाच फोन वाजला नाही तर जाळ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते लिफ्टमधल्या माणसाचं, आणि त्याच्यासाठी नियमात हे दोनच आकडे आहेत.

साहेबांना हे पटलं. मग ते म्हणाले, “ठीक आहे, ०३ च्या जागी ०७ छापून द्या. अर्ध्या तासाचं काम.”

पण तो आकडा ओळख-क्रमांकाच्या पोटात आहे. तो बदलला की क्रमांकच दुसरा, आणि तो ॲक्टाच्या नोंदवहीत नाही. आधी चाचणीचा अहवाल, मग पुरवठादाराचं अनुरूपतेचं नवं घोषणापत्र, मग नवी नोंद, आणि मॅन्युअलची पानंही. जुना कपॅसिटर परत बसवायचा पर्याय होता. पण लांब लाइनवरची तक्रार खरी होती, आणि त्या मुलाचा उपाय माझ्या मते बरोबरच होता. फक्त तो आमच्या टेबलावरून गेला नव्हता. शेवटी कपॅसिटर ठेवायचा, ०७ ची नोंद करायची आणि एका लाइनवर जास्तीत जास्त सात फोन असं मॅन्युअलमध्ये ठळक छापायचं ठरलं. सातांचे ४.९ होतात. बदलाच्या चिठ्ठीत आरईएनचा रकाना त्याच संध्याकाळी घातला. गाडी रिकामी परत गेली. त्यावर साहेब काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खरी पंचाईत पुढंच होती. जुनी लेबलं निघेनात. नखानं नाही, पात्यानं नाही. हॉट एअर गननं गरम केली तर प्लास्टिकचं झाकण वाकलं, लेबल जागच्या जागी.

“इतका चिकट गोंद कुणी निवडला?” साहेब वैतागले.

गोंद मीच निवडला होता. त्याच पट्टीवर ‘एचएसी’ ही अक्षरं आहेत, श्रवणयंत्र वापरणाऱ्याला फोन चालतो याची खूण. ती कायमची हवी असं नियम सांगतो: कोरलेली, ठशाची, न पुसणाऱ्या छपाईची किंवा कायमच्या गोंदानं चिकटवलेली, सहज सुटणारी नाही, आणि उपकरण जिथं वापरलं जाईल तिथं ते चालेल तितकी वर्षं टिकणारी. परिच्छेद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

“म्हणजे हे निघालं असतं, तरी तुम्ही माल अडवला असता?”

“हो.”

त्यांनी फोन उचलला आणि स्टोअरला मागची नवी झाकणं काढायला सांगितली.