उशीवरून काय दिसतं?

बाबांच्या ऑपरेशननंतर अकरा दिवस मी त्यांच्या बेडशेजारच्या खुर्चीत काढले. हॉस्पिटल चांगलं होतं, डॉक्टर चांगले, सिस्टर तर फारच चांगल्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझा राग आहे तो तिथल्या बागेवर. म्हणजे बाग होती बरं का! मेन गेटसमोर लॉन, कारंजं, कातरून गोल केलेली झुडपं, आणि गवतावर पाय ठेवू नका अशी पाटी. ती दिसायची कोणाला तर पार्किंगमधल्या ड्रायव्हर लोकांना आणि बिलाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना. बाबांना काय दिसायचं तर छत.

चौथ्या दिवशी मला म्हणाले, "अगं, एका ओळीत चौदा चौकोन आहेत, आणि तो कोपऱ्यातला ओलीचा डाग काल एवढा नव्हता." मी हसले. पण त्यांना एक्स-रेला नेलं तेव्हा सहज त्यांच्या बेडवर आडवी झाले आणि हसू गेलं. खिडकी होती की, पण इतकी वर की आडव्या माणसाला आभाळाची एक पट्टी आणि समोरच्या बिल्डिंगचे एसीचे डबे एवढंच दिसणार, आणि वर ट्यूबलाइट बरोब्बर डोळ्यात. दहा मिनिटांत वैतागले मी, आणि मला तर काहीच झालं नव्हतं.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलेय. सगळ्यात आधी हाती लागला तो रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास, 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं एक हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, वय वगैरे बघून त्यांच्या २३ जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत, बाकी खोल्या जवळपास सारख्याच. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना दुखण्यावरची स्ट्राँग औषधंही कमी लागली. पण मला सगळ्यात भिडलं ते सिस्टरनी लिहिलेल्या नोंदींचं. पेशंट रडतोय, फार धीर द्यावा लागतोय अशा नोंदी भिंतवाल्यांच्या फाइलीत सरासरी ३.९६ आणि झाडंवाल्यांच्या १.१३. आणि हो, झाडांना पानं असतात त्याच महिन्यांतले पेशंट त्यांनी घेतले होते, म्हणजे खराट्यांशी भिंतीची तुलना नको म्हणून! अभ्यास तसा छोटाच, ४६ माणसांवरून सगळ्या जगाचं ठरवू नये हे मान्य, पण भिंत बघत पडलेला माणूस मी स्वतः पाहिलाय त्यामुळे मला पटायला वेळ लागला नाही.

उलरिच यांनी पुढे स्वीडनमध्ये उप्साला इथे हार्टच्या ऑपरेशनच्या १६० पेशंटवर चित्रांचा प्रयोग केला. झाडं आणि पाण्याचा फोटो समोर असलेले पेशंट कमी घाबरलेले होते, आणि कडक रेषांच्या मॉडर्न आर्टवाल्यांची अवस्था काहीच चित्र नसलेल्यांपेक्षा वाईट. आमच्या त्या लॉबीतलं भलंमोठं लाल-काळं पेंटिंग आठवलं मला लगेच.

बरं, हे सगळं आत्ताचं खूळ आहे असंही नाही. फिनलंडमध्ये पायमिओला आल्वार आल्टो या आर्किटेक्टने टीबीच्या पेशंटसाठी सॅनेटोरियम बांधलं, १९३३ मध्ये पुरं झालं. पाइनच्या जंगलात, ऊन खात पडायला लांब बाल्कन्या. पण खरी गंमत खोल्यांमध्ये आहे, कारण या माणसाने खोली आडव्या माणसाच्या डोळ्यांनी बघितली. छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद हिरवा रंग, दिवा पेशंटच्या नजरेत येणार नाही असा लावलेला, आणि बेसिनचा उतार असा की पाणी पडल्याचा आवाज होऊन शेजारच्याची झोपमोड होऊ नये. नव्वदेक वर्षांपूर्वी हे सुचलं होतं आणि आपण अजून ट्यूबलाइट डोळ्यात मारतोय.

रवांडात बुतारोला २०११ मध्ये एक हॉस्पिटल झालं, तिथे तर खर्चाचंही कारण सांगता येत नाही. वॉर्डाच्या मधोमध कमरेएवढी भिंत घालून बेडची डोक्याची बाजू तिला लावली, त्यामुळे पेशंटचं तोंड आपोआप खिडकीकडे. बाहेर डोंगर. सिंगापूरच्या खू टेक पुआट हॉस्पिटलमध्ये गच्चीवर भाजीपाला, मधल्या चौकात झाडी, शेजारी तळं आणि वर तिथे येणाऱ्या फुलपाखरांच्या जातीही मोजतात म्हणे. ते एक टोक झालं, सगळ्यांना नाही जमणार. पण बेड फिरवायला काय लागतं?

हां, हिरवं दिसलं की झालं असंही नाही. कुंडीतल्या मातीत बुरशी असते, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलीय त्यांना ती महागात पडू शकते, म्हणून अशा वॉर्डात कुंड्या नकोच. तिथे काचेपलीकडचं झाड बरं, तेवढंही पुरतं.

आमचं काय झालं ते सांगते. सातव्या दिवशी मी सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या मागच्या बाजूचा बेड रिकामा झालाय पण ती बाजू लाँड्रीची आहे, व्ह्यू काही खास नाही. तरी हलवलं. वॉर्डबॉयने बेड जरा तिरपा लावून दिला. खाली वाळत घातलेल्या चादरी आणि त्यांच्यामागे कोणी न लावलेलं, कोणी न कातरलेलं एक आडदांड झाड, त्यात कावळ्याचं अर्धवट घरटं. बाबा लवकर बरे झाले असं मी म्हणणार नाही, डिस्चार्ज ठरल्या दिवशीच मिळाला. पण चौकोन मोजणं थांबलं. मी डबा घेऊन गेले की आधी बातमी, "आज तार आणलीय, काडी नाही, तार!"

निघताना व्हीलचेअरमध्ये बसल्यावर थांबा म्हणाले, आणि त्या बेडवर नुकत्याच आलेल्या काकांना सांगितलं, "उशी जरा उंच करून घ्या, म्हणजे घरटं दिसतं."