मतपत्रिकेवर नसलेला बाण

७ मे २०२४ रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा मालवण तालुक्यातल्या एका केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होतो. एरवी मी शाळेत इतिहास शिकवतो आणि आपल्या भागातल्या निवडणुकांच्या नोंदी जमवतो, त्यामुळे त्या दिवशी जे घडले ते इतर कुणाला किरकोळ वाटले तरी माझ्या मनातून अजून जात नाही.

निवडणुकीच्या कामाविषयी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते ती गोष्ट अभिरूप मतदानाची. प्रत्यक्ष मतदानाच्या दीड तास आधी मतदान प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकून, निकाल काढून, तो ताडून दाखवावा लागतो. त्यानंतर ‘क्लिअर’ दाबून कंट्रोल युनिट (मते साठवणारा, अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा यंत्राचा भाग) शून्यावर आणायचे आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या पाकिटात मोहोरबंद करायच्या. ते ‘क्लिअर’ राहिले तर पुढचा सगळा दिवस वाया जातो. प्रशिक्षणात या टप्प्यावर भर असतो आणि तो योग्यच आहे. पण एखादा मतदार यंत्रासमोर उभा राहून प्रश्न विचारू लागला तर काय करायचे, याविषयी सभागृहातल्या पडद्यावरून वाचून दाखवलेल्या त्या प्रशिक्षणात फारसे काही नसते.

दुपारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या. ८५ वर्षांपुढील मतदारांना घरून मत देण्याची सोय होती, पण आजी त्या वयाच्या आतल्या होत्या आणि चालतही चांगल्या होत्या. ओळख पटली, बोटाला शाई लागली, मतदारांच्या १७-ए नोंदवहीत अंगठा उठला, तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याने बटण दाबले आणि कंट्रोल युनिटवरचा लाल दिवा लागला. हा दिवा मत पडेपर्यंत विझत नाही आणि तोवर मागच्या माणसाला पुढे सोडता येत नाही. बराच वेळ तो जळत राहिला. मग कक्षातून स्वच्छ, मोठा आवाज आला, “बाण खंय गेलो?”

दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकदम सावरून बसले. एकाने तोंड उघडताच मी त्याला थांबवले. दाराशी उभा असलेला त्यांचा नातू म्हणाला, “मी आत जाऊ का?” नियम ४९-एन प्रमाणे सोबती मिळतो तो दृष्टिहीन किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदाराला, निरक्षरतेसाठी नाही, आणि आजींची नजर तर माझ्याहून तेज होती. मी त्यांना कक्षाबाहेर बोलावले आणि प्रतिनिधींच्या देखत पुठ्ठ्याच्या नमुना यंत्रावर, ज्यावर काल्पनिक नावे आणि चिन्हे असतात, मत कसे द्यायचे ते दाखवू लागलो. त्यांनी माझा हात बाजूला केला. “माका बटण दाबूक येता रे झिला. बाण खंय गेलो तां सांग.”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते आणि देता येत नव्हते. १९९६ पासून या भागातल्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीत शिवसेनेचा धनुष्यबाण होता: सुरेश प्रभू राजापूर मतदारसंघातून त्या चिन्हावर चार वेळा निवडून आले, मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गमधून ते हरले तेव्हाही चिन्ह तेच होते आणि २०१४ व २०१९ मध्ये विनायक राऊत त्यावरच लाखाहून अधिक मतांच्या फरकाने जिंकले. २०२४ मध्ये पक्ष दुभंगलेला होता, राऊत यांच्याकडे मशाल होती, धनुष्यबाण ज्यांच्याकडे गेला त्यांनी युतीत ही जागा भाजपला सोडली होती आणि नारायण राणे कमळावर उभे होते. यातले एक वाक्य जरी मी उच्चारले असते तरी ते कुणाच्या तरी बाजूचे ठरले असते. मी एवढेच सांगितले की यंत्रावर जी चिन्हे आहेत तेवढीच आहेत, आणि उमेदवारांची यादी बाहेर भिंतीवर लावलेली आहे.

आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “झोपडी गेली तेवा सांगूक इल्ले. आता कोण येवक नाय.”

ही झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाचे चिन्ह. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये राजापूरमधून प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून गेले. संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेल्या गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी खासगी विधेयक मांडणारा खासदार या आडवळणाच्या, मनिऑर्डरवर जगणाऱ्या मतदारसंघाने दिलेला होता. १९७१ च्या जानेवारीत ते गेले आणि काही आठवड्यांतच मधू दंडवते त्याच पक्षातून उभे राहिले. इंदिरा लाटेत त्या पक्षाच्या देशभरात दोनच जागा आल्या, त्यातली एक राजापूरची. १९७७ मध्ये झोपडी गेली आणि नांगरधारी शेतकरी आला, १९८९ मध्ये चक्र आले, समोरच्या काँग्रेसची बैलजोडी गाय-वासरू होऊन पुढे हात झाली. तरी १९७१ पासून १९८९ पर्यंत दंडवतेच सलग पाच वेळा निवडून आले. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेतही ते टिकले आणि १९९१ मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून हरले. चिन्ह बदलूनही मत सोबत गेले, कारण कुणीतरी वाडीवाडीवर जाऊन ते बदललेले चिन्ह समजावले होते. ‘कोकण हा अमक्याचा बालेकिल्ला’ असे शहरात बसून लिहिणाऱ्यांना या मेहनतीचा पत्ताच नसतो, आणि आजचे पक्ष ती मोबाइलवरच्या चित्रांवर सोपवून मोकळे होतात.

आजींना मत न देता जायचे असते, तर नियम ४९-ओ प्रमाणे नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहून अंगठा घेतला असता. मी त्यांना तसे विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा आत गेल्या. थोड्या वेळाने ‘बीप’ वाजले आणि दिवा विझला. त्यांनी कोणते बटण दाबले ते मला कळले नाही आणि कळताही कामा नये.

४ जूनला राणे ४७,८५८ मतांनी विजयी झाले. या मतदारसंघातला भाजपचा हा पहिलाच विजय. चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या विधानसभा क्षेत्रांत राऊत पुढे होते. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडीने निकाल फिरवला. त्या आकड्यांची अनेक स्पष्टीकरणे मी वाचली आहेत आणि बाण दिसला नाही म्हणून असे झाले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत वाद, बिघाड, प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कुणी मत दिले असेल तर खऱ्या मतदाराने दिलेली मते) या सगळ्यांना रकाने आहेत. मतदाराने विचारलेल्या आणि अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला नाही. मी तो शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिला. साहित्य स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्याने तो वाचला असेल असे मला वाटत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष नोंदलेल्या मतांच्या हिशेबाच्या, म्हणजे १७-सी च्या, बेरजेकडे होते, आणि त्या वेळी ते तिकडेच असायला हवे.

गप्प राहिलो हे बरोबरच केले, असे मी अजूनही मानतो. मात्र मतदानाआधी घरोघर वाटल्या जाणाऱ्या माहिती चिठ्ठीबरोबर चिन्हांसह उमेदवारांची यादी का देता येत नाही, हा प्रश्न मी आमच्या पुढच्या प्रशिक्षणात विचारला आणि ‘वरून सूचना नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. दरम्यान नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालवण ज्यात येते त्या कुडाळ क्षेत्रात धनुष्यबाण मतपत्रिकेवर परत आला. या खेपेस त्यावर उभे होते निलेश राणे, जे आधीच्या सलग तीन लोकसभा निवडणुका त्याच बाणाविरुद्ध लढले होते. ते निवडूनही आले. माझी नेमणूक तेव्हा दुसऱ्या क्षेत्रात होती. हा बाण त्यांचा पूर्वीचाच की वेगळा, हे आजींना कुणी येऊन सांगितले का, ते मला समजलेले नाही.