भाचीचे सातजण

कोरियन गाणी ऐकणारी मुलगी कशी असते, हे आमच्या सांगलीत सगळ्यांना पाठ आहे. ती अभ्यास करत नाही. रात्रभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसते. गाण्यातला एक शब्द कळत नाही, तरी रडते. तिच्या भिंतीवर गुळगुळीत गालांची पोरं असतात, ती सगळी एकसारखी दिसतात, आणि त्यातल्या एकाशी तिला लग्न करायचं असतं. शेवटी ती एक दिवस घरातून पळून जाणार, हे तर ठरलेलंच. ही माहिती देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अशी मुलगी जवळून पाहिलेली नसते. त्यानं त्यांचं काही अडत नाही.

माझ्या घरात अशी एक आहे. भाऊ-वहिनी विट्याला असतात, त्यामुळे भाची कॉलेजसाठी विश्रामबागेत माझ्याकडे राहते. ती बीटीएसची. २०१३ च्या जूनमध्ये सात मुलांचा हा गट पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि त्यांचे चाहते स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात. ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या गटाचे चाहते ‘ब्लिंक’, ते वेगळे. या दोघांत गल्लत केलीत तर त्या दिवशी चहा तुमचा तुम्हालाच करून घ्यावा लागतो.

पळून जाण्याचं म्हणाल, तर त्याला निमित्त झालं होतं. २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुली कोरियाला जायचं म्हणून घरातून निघाल्या आणि त्यांनी स्वतःच्याच अपहरणाचा बनाव रचला, अशी बातमी आली. त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन. ‘ताई, हिचा पासपोर्ट नाही ना काढलेला?’ मी म्हटलं, अगं, तिला एसटीनं विट्याला यायचा कंटाळा येतो. पण आईचा जीव, तिला हसून चालत नाही. तीन मुलींचं एक प्रकरण झालं आणि गावोगावच्या पोरींच्या मोबाइलवर घरच्यांची नजर बसली. क्रिकेटच्या सट्ट्यात घर घालवणारे किती निघतात, पण म्हणून कुणी पोराच्या हातातली बॅट काढून घेत नाही.

रात्रभर जागण्याचंही तसंच. कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिकडे मध्यरात्री कुणाच्या वाढदिवसाचा जल्लोष सुरू होतो, तेव्हा सांगलीत साडेआठ वाजलेले असतात आणि मी भाकऱ्या थापत असते. नवीन गाणं पुष्कळदा शुक्रवारी तिकडच्या दुपारी एकला येतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊला. त्या दिवशी पहिल्या तासाला हजेरीपुरतं शरीर हजर असतं, हे मी कबूल करते. बाकी झोप माझ्यापेक्षा तिची चांगली आहे.

शब्द कळत नाहीत म्हणावं, तर ही पोरगी त्यांची लिपी शिकून बसली. पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजानं सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून ही लिपी करवून घेतली, हे मला तिच्याकडूनच कळलं. आता माझ्या मांडणीवरच्या डब्यांवर कोरियन चिठ्ठ्या आहेत. सरावासाठी म्हणे. तूरडाळ आणि हरभराडाळ दिसण्यावरून तरी ओळखता येते, पण धने पूड कुठली आणि जिरे पूड कुठली, हे मी हल्ली झाकण उघडून वासावर ठरवते.

खरी गंमत ‘बायकी’ या आरोपात आहे. आमचे धाकटे भावजी तासगावचे, बेदाण्याचे व्यापारी. दिवाळीत आले, भिंतीवरचं पोस्टर न्याहाळलं आणि म्हणाले, ‘वहिनी, ही काय पोरं म्हणायची? लिपस्टिक लावत्यात!’ भाची शांतपणे म्हणाली, ‘काका, तो डावीकडचा जिन. १८ महिने आर्मीत होता. नव्या भरतीच्या पोरांना कवायत शिकवायला होता.’ आमच्याकडे सैन्याचं नाव काढलं की माणूस सावरून बसतो. भावजींच्या गावात पहाटे पाचला रस्त्यावर पोरं पळत असतात ती भरतीसाठीच. दक्षिण कोरियात ही सेवा धडधाकट पुरुषाला चुकत नाही. हा जिन २०२२ च्या डिसेंबरात गेला आणि २०२४ च्या जूनमध्ये बाहेर पडला, आणि २०२५ च्या जूनपर्यंत सातही जण आपापली सेवा संपवून मोकळे झाले. भावजींनी पोस्टरकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि चकली घेतली.

पण मला विचाराल तर सैन्याचा दाखला द्यायची गरजच नव्हती. निदान सांगली जिल्ह्यात तरी नव्हती. पलूसजवळच्या नागठाण्यात १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, कुणाच्या भूमिका करून गाजले? भामिनी, रुक्मिणी, सिंधू. मिरजेत त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे आणि तिथं जाताना आपण मान ताठ करतो. माझी आज्जी सांगायची, बाया नाटकाला जायच्या त्या निम्म्या गाण्यासाठी आणि निम्म्या शालू बघायला. दुसऱ्या दिवशी आरशापुढे खोपा तसा जमतोय का, पदर तसा पडतोय का, हे चालायचं. पुरुषाकडून बायका नटणं शिकल्या आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आता तिकडचा मुलगा डोळ्यांत काजळ घालतो म्हटलं की आपल्याला संस्कृती आठवते.

आणि वेड म्हणाल, तर ते काय कमी होतं? वन्समोर घेता घेता नाटक संपायला पहाट व्हायची. तेच पद पुन्हा, आणि पुन्हा. भाचीनं एकच गाणं दिवसभर लावलं की मी ओरडते खरी, पण त्या मंडळींना गाणं पुन्हा लावायची सोय नव्हती, जिवंत माणसाकडून ते पुन्हा गाऊन घ्यावं लागायचं. आपला की त्यांचा, ही भांडणंही होतीच. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झालं, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, तेव्हा दोघांच्या चाहत्यांचे कान कुणाची तान वरचढ होते तिकडेच लागलेले. पण त्या चाहत्यांच्या डोक्यावर पगड्या होत्या. त्यांना अभ्यास कसा चाललाय म्हणून कुणी विचारलं नाही.

फंडावरून आठवलं. २०२० च्या जूनमध्ये या सातजणांनी आणि त्यांच्या कंपनीनं मिळून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीला १० लाख डॉलर दिल्याचं बाहेर आलं, तर जगभरच्या चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम आपसात गोळा केली. गल्लीतली गणपतीची वर्गणी जमवताना आमच्या कार्यकर्त्यांच्या चपला झिजतात, म्हणून मला याचं विशेष.

पैशाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाची मला तिच्या पक्षात धरेल. अल्बममध्ये फोटोकार्ड येतं. सातांपैकी कुणाचं, ते फोडेपर्यंत कळत नाही. हवं ते निघालं नाही की अदलाबदल, नाहीतर दुसरा अल्बम. याला मी सोडत म्हणते, आणि ती काढणाऱ्या कंपन्यांना पोरींचं मन पोरींपेक्षा जास्त कळतं. टपालखर्च वाचावा म्हणून या मुली मिळून ‘ग्रुप ऑर्डर’ करतात. भाचीच्या यादीत डोकावले तेव्हा मात्र मीच चकित झाले. त्यात दोन मुलांची आई असलेली एक बँकवाली आहे, आणि मिरजेच्या औषधाच्या दुकानातला एक मुलगाही आहे. त्याचं पार्सल आमच्या पत्त्यावर येतं, कारण घरी त्यानं सांगितलेलं नाही. चाहता म्हणजे पोरगीच असणार, हे जगानं इतकं पक्कं करून ठेवलंय की त्या बिचाऱ्याला लपून ऐकावं लागतं.

आमचं खरं भांडण झालं ते करीनावरून. आपली नव्हे, एस्पा नावाच्या गटातली. २०२४ मध्ये तिचं एका नटाशी जुळल्याचं बाहेर आलं, तर काही चाहते इतके बिथरले की त्यांनी कंपनीच्या दारात पाटी लावलेला ट्रक उभा केला. पोरीनं स्वतःच्या हातानं पत्र लिहून माफी मागितली. प्रेमात पडल्याबद्दल माफी! मी म्हटलं, हे मला पटत नाही, एवढा हक्क कुणी कुणावर सांगू नये. भाचीलाही ते पटलेलं नव्हतं, पण आपल्या माणसांना बाहेरच्यानं बोललेलं कुणाला आवडतं? ती म्हणाली, ‘तुमच्या वेळी असं काही नव्हतं, असं म्हणू नका हं आत्या.’

माझ्या वेळी म्हणजे कधी, कोण जाणे. पण मला गोहरबाई आठवल्या. गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या आयुष्यात आल्या तेव्हा ते कितीतरी चाहत्यांना रुचलं नाही. त्या मोठ्या गाणाऱ्या, तरी बोल सगळा त्यांच्यावरच. आज्जीसुद्धा त्यांचं नाव निघालं की सुपारी जोरात कातरायची. हे मी भाचीला सांगितलं.

‘मग त्यांनी माफी मागितली का?’

‘नाही गं. पुढे लग्न केलं.’

तिनं कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात सरकवत थोडा विचार केला. ‘वाचले. तेव्हा ट्रक भाड्यानं मिळत नव्हते.’