धंद्याला डेअरिंग लागतं, पण कसलं?

परदेशात छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब सांभाळते म्हटलं की घरचे हमखास विचारतात, तिकडे धंदा करायला काय लागतं, पैसा की डेअरिंग? आणि मी काहीही बोलले तरी "डेअरिंगच गं" असं स्वतःच ठरवून मोकळे होतात :)

मला ते अर्धंच पटतं. माझे दोन क्लायंट आहेत, दोघंही ऑफिसं साफ करायची कॉन्ट्रॅक्ट घेतात, माणसं जवळपास तेवढीच, रेटही उन्नीस-बीस. एकजण काम झालं की बिल पाठवतो आणि पुढच्या फोनची वाट बघत बसतो. दुसऱ्या बाई कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधीच फोन करून विचारतात की अजून काही करून हवंय का, मग कोणी म्हणतं खिडक्या, कोणी म्हणतं कार्पेट, की लगेच एकाच ऑफिसात ट्रायल, मशीनसुद्धा आधी भाड्याने, जमलं तरच विकत. फसलं तर भाडं गेलं, बास. गंमत म्हणजे फसलेल्या प्रयोगांचे खर्च बाईंच्याच वहीत जास्त दिसतात, पण सगळे किरकोळ, त्यापायी कुणाचा पगार कधी लटकला नाही.

यावर अभ्यास ढीगभर झालाय. मॅनेजमेंटचा अभ्यासक डॅनी मिलर, याने 1983 मध्ये धंदा किती उद्योजकी वृत्तीचा आहे हे ओळखायला तीन गोष्टी एकत्र धरल्या, नवीन काही करणं, इतरांच्या आधी हालचाल करणं आणि रिस्क घेणं. पुढे 2009 मध्ये राउश आणि त्याच्यासोबतच्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतल्या 14,259 कंपन्यांची माहिती एकत्र करून बघितली तर या वागण्याचा आणि कामगिरीचा सहसंबंध 0.24 च्या आसपास निघाला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पुरता जोडलेला), म्हणजे आहे, पण फार मोठाही नाही. अगदी लहान धंद्यांत मात्र जास्त दिसला, आणि ते साहजिकच आहे, मालकाच्या डोक्यात आलं की दुसऱ्या दिवशी सुरू, मध्ये कोणाची सही लागत नाही.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातला, 2017 मध्ये छापून आला. 1500 छोटे व्यावसायिक, तीन गट. एका गटाला हिशेब, मार्केटिंग वगैरे नेहमीचं ट्रेनिंग, दुसऱ्याला आपणहून पुढाकार कसा घ्यायचा, शेजाऱ्यापेक्षा वेगळं काय द्यायचं, अडथळा आला तर काय करायचं याचं, तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकारवाल्यांचा नफा सरासरी 30 टक्के वाढला, नेहमीच्या ट्रेनिंगवाल्यांचा 11, आणि तो 11 सुद्धा खात्रीने वाढ म्हणावी असा नव्हता. हिशेबवालीने हे लिहावं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा, पण असो!

एक गोष्ट मात्र खटकते. चालू असलेल्याच कंपन्या मोजल्या की रिस्क घेऊन बुडालेले गणतीत येतच नाहीत. म्हणून कोणी मोठं कर्ज काढून नवीन लाइन सुरू करायची म्हणतो तेव्हा मी आधी विचारते, हे सगळे पैसे बुडाले तर पुढच्या महिन्याचे पगार कुठून देणार? बाईंकडे याचं उत्तर आधीच लिहून तयार असतं.